मचूळ पाण्यातील इवला मासा आणि होटगीची विहीर

ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि जे प्याले असता जिभेवर खारट चव रेंगाळते, त्या पाण्यास मचूळ म्हणण्याचा प्रघात आहे. होटगीच्या शेतकऱ्यास हा शब्द जितका परिचित, तितकाच तो कोकणातील शेतकऱ्यासही परिचित आहे. मात्र कोकणात तो बहुधा खाडीच्या पाण्यास लावला जातो. भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत शिरते, पावसाळ्यात नदीच्या पुराने ते पुन्हा गोडे होते, व वर्षातील बराच काळ ते या दोहोंच्या मधल्या चवीचे राहते. शास्त्रीय लेखनात अशा पाण्यास निमखारे पाणी म्हणतात.

होटगी जंक्शन मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे पावणेपाचशे किलोमीटर अंतरावर आहे. समुद्राचा येथील जीवनाशी संबंध सांगावयाचा तर तो आठवड्याच्या बाजारातील सुके बोंबील व सुकट यांच्यापुरताच. तथापि खाडीच्या मचूळ पाण्यात राहणाऱ्या एका अत्यंत लहान माशाची हकीकत येथील विहिरी, शेततळी व तलाव यांच्या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. डासांच्या अळ्या खाणारे मासे आपल्या पाण्यात सोडावेत काय, सोडावयाचे तर कोणते, आणि कोठे मुळीच सोडू नयेत, हा प्रश्न दर पावसाळ्यात गावोगाव उपस्थित होतो. हिवताप, डेंग्यू व चिकुनगुन्या यांनी घरातील कर्ता मनुष्य ऐन पेरणीच्या दिवसांत अंथरुणास खिळला म्हणजे त्याची किंमत काय पडते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. दुसऱ्या बाजूस, न जुळणारा मासा एकदा तलावात शिरला की तो पुन्हा बाहेर काढण्याचा उपाय उपलब्ध नाही. या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवून पुढील माहिती वाचावी.

एका नव्या कुलाचा शोध

१९४० साली कलकत्ता येथील भारतीय संग्रहालयाच्या शास्त्रीय नियतकालिकात मुंबई इलाख्यातील मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचा एक विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. इलाख्याच्या किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यात सापडणाऱ्या एका चिमुकल्या माशाचे त्यात सविस्तर वर्णन होते. या माशाची शरीररचना त्या वेळी ज्ञात असलेल्या कोणत्याही मत्स्यकुलाशी जुळत नाही, असे कुलकर्णी यांस आढळून आले. तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी केवळ नवी जात वा प्रजाती न मानता एक स्वतंत्र कुलच कल्पिले, आणि माशाचे नाव होरायक्थिस सेटनाय असे ठेवले. नावाचा पहिला भाग भारतीय मत्स्यशास्त्राचे अग्रणी डॉ. सुंदरलाल होरा यांच्यावरून घेतलेला असून 'इक्थिस' म्हणजे ग्रीक भाषेत मासा. दुसरा भाग मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे डॉ. एस. बी. सेटना यांच्या सन्मानार्थ आहे.

पूर्ण वाढ झालेला हा मासा सुमारे दोन सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे करंगळीच्या एका पेराएवढाच असतो. त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते. ओंजळीत पाणी घेतले व त्यात हा मासा असला तर प्रथम दिसतात ते त्याचे दोन काळे डोळे. बाकीचे अंग पाण्यातच विरघळल्यासारखे भासते. तो पाण्याच्या वरच्या थरात, थव्याने वावरतो. कच्छपासून केरळपर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाड्यांत व नद्यांच्या मुखाजवळच्या पाण्यात त्याची वस्ती आहे. जाळ्यात तो टिकत नाही, बाजारात त्यास भाव नाही, आणि मासेमारीसाठी खाडीत उतरणाऱ्यास त्याचे काही मोलही वाटत नाही. असा मासा एका संशोधकाने हाती घेऊन महिनोन्‌महिने पाहिला, एवढ्यानेच तो जगाच्या मत्स्यशास्त्रात पोहोचला, ही गोष्ट कोणत्याही विस्तार कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याची प्रजननाची रीत तर विशेषच नवलाची आहे. रोहू, कटला, मृगळ इत्यादी आपल्या ओळखीच्या माशांत मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यावर शुक्र सोडतो व फलन शरीराबाहेर होते. अंडी लक्षावधी असतात, त्यातील बहुतेक वाया जातात. खाडीतील या माशाने दुसरीच वाट धरलेली आहे. नराच्या गुदपराचे पुढील काही काटे लांब होऊन त्यांचा एक नाजूक अवयव बनतो. त्याच्या साहाय्याने नर शुक्राणूंची एक बंद पुडी मादीच्या जननछिद्रापाशी चिकटवितो. पुडीच्या टोकास सूक्ष्म आकडे असतात, त्यामुळे ती रुतून बसते. पुढे ती फुटून शुक्राणू मादीच्या शरीरात प्रवेश करतात. हे सुलभ व्हावे अशीच जणू मादीची रचना आहे, कारण तिच्या पोटाखालील दोन परांपैकी उजवा पर नसतो. माशांसारख्या उजव्या-डाव्या बाजू सारख्या असणाऱ्या प्राण्यांत असे एकांगीपण क्वचितच पाहावयास मिळते.

फलन शरीरात झाले तरी मादी पिले देत नाही. ती अंडीच घालते. अंड्यांवर बारीक तंतू असतात व त्यांच्या योगे ती पाण्यातील वनस्पतींस चिकटून राहतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात उघड्यावर सोडलेले शुक्र वाहून जाण्याचा धोका मोठा, व सुटे अंडे समुद्रात ओढले जाण्याचा धोका त्याहून मोठा. हे पाहिले म्हणजे पुडीची व तंतूंची ही योजना त्या पाण्यास किती अनुरूप आहे ते ध्यानात येते.

शास्त्रीय वर्गीकरण मात्र कायमचे नसते. २००८ साली अमेरिकेतील मत्स्यशास्त्रज्ञ लिन पॅरेन्टी यांनी या गटातील सर्व माशांचा पुन्हा आढावा घेतला व कुलकर्णी यांच्या माशाची गणना ओरायझियस या प्रजातीत केली. त्यामुळे आज त्याचे मान्य नाव ओरायझियस सेटनाय असे आहे. ओरायझा हे भाताचे वनस्पतिशास्त्रीय नाव कृषी पदवीधरांस ठाऊक असतेच. या प्रजातीतील मासे भातखाचरांत व त्यांच्या चरांत आढळतात म्हणून त्यांना हे नाव पडले. जपानमधील मेडाका हा याच प्रजातीतील मासा. जुलै १९९४ मध्ये मेडाका मासे अमेरिकेच्या अवकाशयानातून अवकाशात नेण्यात आले. तेथे त्यांनी अंडी घातली व त्यातून पिलेही निघाली. याच मेडाकाचा समावेश १९९९ साली जपान सरकारने आपल्या देशातील धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत केला. ज्या भातखाचरांत तो सर्वत्र दिसे, तेथील मातीचे चर जाऊन काँक्रीटचे पाट आले, खाचरे व नदी यांच्यातील दुवा तुटला व बाहेरून आणलेल्या माशांची स्पर्धा वाढली, ही त्याची मुख्य कारणे होत.

कुलकर्णी यांच्याविषयी आणखी एक गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल, कारण तिचा संबंध भीमेच्या खोऱ्याशी येतो. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे नेतृत्व केल्यानंतर त्यांनी लोणावळ्याच्या तलावांवर महाशीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे काम केले. ज्या दख्खनी महाशीरावर हे काम झाले, त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. मुळा-मुठेचे पाणी भीमेस मिळते व भीमा दक्षिण सोलापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहते. दोन सेंटीमीटरचा खाडीतील मासा व मणभर वजनाची कीर्ती असलेला महाशीर या दोहोंकडे एकाच माणसाने सारख्याच काळजीने पाहिले.

खारे, मचूळ व गोडे

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सिंचनाच्या दृष्टीने पाहिले तर ज्या पाण्याची विद्युतवाहकता प्रति मीटर ३ डेसिसायमनहून अधिक, म्हणजे ज्यात लिटरला सुमारे २ ग्रॅम क्षार आहेत, ते बहुसंख्य पिकांस धोक्याचे मानले जाते. द्राक्षासारख्या नाजूक पिकाचे त्याआधीच नुकसान होऊ लागते. यावरून असे दिसेल की, होटगी परिसरातील एखादी विहीर ज्या पाण्यामुळे शेतकऱ्यास निरुपयोगी वाटते, ते पाणी खाडीतील माशाच्या लेखी जवळजवळ गोडेच ठरेल.

तरीही केवळ क्षारांचे वजन पाहून दोन पाणी सारखी मानणे चुकीचे होय. खाडीच्या पाण्यात मुख्यतः साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असते. काळ्या जमिनीतील विहिरीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सल्फेट व बायकार्बोनेट यांचे प्रमाण बरेच असू शकते, व ते ठिकठिकाणी बदलते. मचूळ हा शब्द एक असला तरी त्याखालील पाणी एक नसते. माती व पाणी परीक्षणाच्या अहवालाशिवाय या बाबतीत निर्णय घेऊ नये.

निरनिराळ्या क्षारतेत मासा जगतो कसा, हे समजून घेतल्यास पुढील भाग सोपा होईल. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्याहून अधिक क्षार असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांवाटे सतत आत झिरपते. मासा ते पातळ मूत्राच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे पुन्हा ओढून घेतो. समुद्रातील माशाची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्या अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो व जादा क्षार कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खाडीतल्या माशाला ही दोन्ही कामे यावी लागतात, व भरती-ओहोटीबरोबर एका दिवसात त्याला एका कामावरून दुसऱ्यावर जावे लागते. रोपवाटिकेतून आणलेले रोप उन्हात हळूहळू सरावते, त्याप्रमाणे मासाही पाण्याच्या बदलास हळूहळूच सरावतो. एकदम बदल झाला तर तो दगावतो. मासे एका पाण्यातून दुसऱ्यात नेताना पिशवी प्रथम नव्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे नवे पाणी तिच्यात घालावे व अर्ध्या तासाने मासे सोडावेत, असे जे सांगितले जाते त्याचे कारण हेच.

मचूळ पाण्यातून आलेला दुसरा मासा

खाडीच्या पाण्यातील मासा सोलापूर जिल्ह्यात कधी आलाच नाही, असे मात्र नव्हे. उजनी जलाशयावर ज्यास चिलापी म्हणतात तो मासा मूळचा आफ्रिकेतील होय. मोझांबिकी चिलापी हा पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या नद्यांच्या खालच्या टप्प्यात व मुखांशी राहणारा, क्षारता सहज सोसणारा मासा आहे. १९५२ साली तो भारतात आणला गेला. जगभर त्या काळी त्याची मोठी वाहवा होती. थोड्या जागेत, थोड्या खाद्यावर व कोणत्याही पाण्यात वाढणारा मासा म्हणून त्याच्याकडे गरिबांच्या अन्नाचे साधन या दृष्टीने पाहिले जाई. त्याचे दोष ध्यानात यावयास फार काळ लागला नाही, व १९५९ साली भारतातील मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर तो तलावांतून नद्यांत व नद्यांतून इतर तलावांत पसरू लागला होता. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. आज तेथील मासेमारीत चिलापीचा वाटा फार मोठा आहे, आणि चिलापी या एकाच नावाखाली आता एकाहून अधिक विदेशी जाती मोडतात.

चिलापीच्या यशाचे रहस्य त्याच्या संगोपनात आहे. मादी फलित अंडी तोंडात धरून ठेवते व पिले निघाल्यावरही संकटसमयी त्यांना तोंडात घेते. अंडी थोडी असली तरी वाया फारच थोडी जातात. काही महिन्यांतच नवी पिढी अंडी घालू लागते. बंदिस्त तळ्यात त्यामुळे गर्दी होऊन माशांची वाढ खुंटते, आणि शेतकऱ्यास टोपलीभर बोटाएवढे मासे मिळतात, ज्यांना भाव येत नाही. तळाशी खड्डे करून घरटी बनविण्याच्या सवयीमुळे पाणी गढूळ होते व स्थानिक माशांच्या अंड्यांना जागा उरत नाही.

चिलापीने भीमेकाठच्या मच्छीमार कुटुंबांस रोजची मिळकत दिली, हे मान्य करावयास हवे. दुष्काळी जिल्ह्यात स्वस्त प्रथिनांचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु हा सौदा कोणी विचारपूर्वक केलेला नव्हता. कोणत्याही ग्रामसभेत भीमेतील जुन्या जातींच्या बदल्यात चिलापी घ्यावा काय असे विचारले गेले नाही, व आता विचारूनही उपयोग नाही. होटगीसारख्या गावच्या तलावावर कोणी नवा मासा सोडावयास आला, तर हा इतिहास त्याच्यापुढे अवश्य मांडावा.

आपल्या ओढ्यात कोण राहते

कुलकर्णी यांच्या माशाने डासांचा बंदोबस्त होईल, असे येथे सुचवावयाचे नाही. दोन सेंटीमीटर लांबीच्या माशाचे तोंड ते किती. त्याचे खाद्य पाण्यातील सूक्ष्म जीवच असणार. शिवाय खाडीवरून तो होटगीस आणणे हा चिलापीचाच धडा पुन्हा गिरविणे होईल. त्याच्यापासून घ्यावयाची आहे ती पाहण्याची रीत. किनाऱ्यावर जे काम कुलकर्णी यांनी केले, त्याचा एक लहानसा भाग होटगीच्या शेतकऱ्यास किंवा शाळेतील विद्यार्थ्यास आपल्या ओढ्यावर सहज करता येईल.

पाऊस उघडल्यावर, ओढ्याचे पाणी निवळले म्हणजे, जुन्या पातळ धोतराचे फडके दोघांनी धरून काठच्या गवताजवळून हलकेच उचलावे. सापडलेले मासे पाण्यासह पांढऱ्या थाळीत घ्यावेत. भीमेच्या खोऱ्यात अशा वेळी जे लहान मासे मिळतात, त्यातील दोघांची ओळख विशेष उपयोगी आहे. एकास अनेक ठिकाणी दांडवण म्हणतात. तो सडपातळ, रुपेरी असून त्याच्या कुशीवर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक ठळक काळा पट्टा असतो. तो पृष्ठभागाजवळ पोहतो व पाण्यावर पडलेले किडे झडप घालून उचलतो. दुसरा म्हणजे काचकी. हा उंच, चपट्या अंगाचा व काचेसारखा पारदर्शक असून त्याच्या पाठीचा कणा बाहेरून स्पष्ट दिसतो. शास्त्रीय भाषेत तो परांबॅसिस या प्रजातीत येतो. काचकी गोड्या पाण्यात राहते तशीच निमखाऱ्या पाण्यातही राहते. म्हणजे खाडीतल्या पारदर्शक माशाचा जणू शेजारी होटगीच्या ओढ्यातही सापडावा. गावपरत्वे या माशांची नावे बदलतात, म्हणून नावापेक्षा खुणांवर भर द्यावा.

डासांच्या अळ्या ओळखणे तितकेच सोपे आहे. पळीने पाणी उचलून पाहिले असता हिवतापाच्या डासाची अळी पृष्ठभागास समांतर, आडवी पडलेली दिसते. क्युलेक्स डासाची अळी श्वसननळी वर ठेवून डोके खाली करून तिरपी लोंबकळते. डेंग्यूच्या डासाची अळीही तशीच लोंबकळते, परंतु ती ओढ्यात न सापडता घरातील रांजण, हौद, पिंप व टाकाऊ टायर यांत सापडते. सोलापूर भागात पाणी साठवून वापरणे अपरिहार्य असल्याने हा शेवटचा डास येथे घराघरांत सोयीने वाढतो.

आता एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओढ्याचेच पाणी घेऊन त्यात दोन दांडवण सोडावेत. ते एक रात्र स्थिरावल्यावर सकाळी मोजून वीस अळ्या टाकाव्यात व दुपारी उरलेल्या मोजाव्यात. दुसऱ्या बरणीत काचकी ठेवून तसेच करावे, आणि तिसरीत मासा न ठेवता केवळ अळ्या ठेवाव्यात, म्हणजे आपोआप मेलेल्या किंवा कोष बनलेल्या किती ते कळेल. तिसरी बरणी पुष्कळ जण वगळतात. ती वगळल्यास प्रयोगास अर्थ उरत नाही. बरण्यांची तोंडे जाळीदार कापडाने बांधावीत, नाहीतर प्रयोगातूनच डास बाहेर पडतील. जिल्हा परिषदेच्या शाळांना विज्ञानाच्या तासासाठी याहून स्वस्त प्रयोग मिळणे कठीण.

काचकीबद्दल आणखी एक गोष्ट आहे. डासांच्या अळ्यांखेरीज पाण्यातील सूक्ष्म कवचधारी जीवही ती खाते. त्यांपैकी सायक्लॉप्स या जीवामार्फत नारू हा रोग पसरत असे. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला मनुष्य उतरला की त्याच्या जखमेतून कृमीची पिले पाण्यात पडत, सायक्लॉप्स ती गिळी, व तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात ती जात. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. वस्त्रगाळ पाणी, हातपंप, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे व औषधे यांच्या बळावर देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हे श्रेय माशांचे नव्हे. परंतु जुन्या विहिरीतील लहान मासे काढून टाकू नयेत, असे जे जाणते लोक सांगत असत त्यात तथ्य होते.

गप्पी व गॅम्बुशिया

आरोग्य विभागाकडून डासनियंत्रणासाठी जे मासे मिळतात ते बहुधा गप्पी होत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतील असून १९०८ साली भारतात आला. गॅम्बुशिया हा उत्तर अमेरिकेतील मासा १९२८ साली इटलीमार्गे आला. दोघेही अंडी न घालता जिवंत पिले देतात, म्हणून त्यांची संख्या झपाट्याने वाढते. पूर्ण वाढ झालेला गप्पी दिवसास ८० ते १०० व गॅम्बुशिया १०० ते ३०० अळ्या खातो, असे शासकीय मार्गदर्शिकांत नमूद आहे. हे आकडे अळ्यांची रेलचेल असलेल्या पाण्यातले होत. उघड्या तलावात, जेथे इतर खाद्यही उपलब्ध असते, तेथे तेवढी अपेक्षा धरू नये.

गॅम्बुशियाचा आकडा मोठा असला तरी त्याची वृत्ती आक्रमक आहे. तो इतर लहान माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी व पिले खातो, बेडकांची पिलेही सोडत नाही. जगातील अत्यंत उपद्रवी शंभर परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे, व १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस करणे थांबविले आहे. दांडवण व काचकी ज्या पाण्यात अगोदरच राहतात, तेथे गॅम्बुशिया सोडणे म्हणजे घरचा राखणदार हाकलून बाहेरचा ठेवणे होय. होटगी तलाव, त्यास मिळणारे ओढे, पाझर तलाव व नाला बांध यांत गॅम्बुशिया कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

गप्पीचा उपयोग बंदिस्त जागेपुरता ठेवावा. गुरांचा हौद, बांधीव टाकी, वापरात नसलेली विहीर, बांधकामावरील पाण्याचा खड्डा या त्याच्या योग्य जागा. काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे या प्रमाणात ते सोडावेत. काठावरील शेवाळ व गवत प्रथम काढावे. अळ्या त्यात दडल्या तर मासा तेथपर्यंत पोहोचत नाही. हौद धुताना मासे बादलीत काढून ठेवावेत व ते पाणी ओढ्यात ओतू नये. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात मासे सोडावयाचे असल्यास पाणी एक-दोन दिवस उघड्यावर साठवून ठेवावे. घरातील पिण्याचे रांजण व पिंप यांसाठी मासे हवेतच असे नाही. डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी केल्यास पुरते.

शेततळ्याचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर डाळिंब व द्राक्षांच्या पट्ट्यात शेततळ्यांची संख्या बरीच वाढली. प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात आरंभी गवत नसते, परंतु एक-दोन हंगामांत काठावर माती व शेवाळ साठते आणि तेथे अळ्या दिसू लागतात. ज्या तळ्याचा सांडवा ओढ्यास मिळतो, त्यात गप्पी न सोडता त्याच ओढ्यातील दांडवण आणून सोडणे श्रेयस्कर. तो पुरात बाहेर गेला तर आपल्याच घरी जाईल. ज्या तळ्यात विक्रीसाठी मत्स्यबीज सोडावयाचे आहे, तेथे कोणताही लहान मासा सोडण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाचा सल्ला घ्यावा. बीज विकत घेताना त्यात चिलापीची पिले मिसळलेली नाहीत याचीही खात्री करून घ्यावी.

या सर्व योजनेवर एका सकाळी पाणी फिरू शकते, ते फवारणी पंपामुळे. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मनुष्यास तुलनेने कमी विषारी असली तरी माशांस अत्यंत घातक आहेत. पंप विहिरीच्या थारोळ्यात किंवा ओढ्याच्या काठी धुण्याची सवय अद्याप सर्वत्र आहे. पंप शेतातच, पाण्यापासून दूर धुवावा, धुण्याचे पाणी त्याच पिकाच्या बांधालगत मातीत जिरू द्यावे व रिकाम्या बाटल्या ओढ्यात टाकू नयेत. फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी विहिरीत डोकावून मासे वर आलेले दिसतात काय हे पाहण्याची सवय लावल्यास पाण्यात औषध उतरले किंवा कसे, हे प्रयोगशाळेपूर्वीच कळेल.

उन्हाळ्याच्या अखेरीस तलावाचे पाणी हटते व लहान मासे ओढ्याच्या उरलेल्या डोहांत गोळा होतात. पुढील पावसाळ्याचे बी तेच असते. अशा डोहांत चुना वा विषारी द्रव्ये टाकून मासे मारण्याचे प्रकार ग्रामपंचायतीने बंद करावेत, आणि गावालगतचा किमान एक डोह गाळ काढताना तसाच राखावा. वळवाचा पाऊस होऊन ओढा वाहू लागला की आठ-पंधरा दिवसांत तेथील दांडवण व काचकी वरच्या पाण्यात चढतात, व डासांची पहिली पैदासही याच सुमारास सुरू झालेली असते.